मिठीकाठचे मरोळ

आमच्या घरात 'गाव' या शब्दाचा अर्थ ठरून गेलेला आहे. गाव म्हणजे दापोली तालुक्यातले खाडीकाठचे कौलारू घर, मागे आंब्याची आठ-दहा झाडे आणि मशिदीसमोरची दगडी विहीर. मे महिना आला की बोऱ्याबिस्तर बांधून रात्रीची एस. टी. पकडायची आणि पाऊस पडायच्या आत परत फिरायचे. त्यामुळे परवा जेवताना अब्बांनी धाकटीला सहज विचारले, "आपल्या गावात पाणी कुठून येतं गं?" तेव्हा त्यांच्या मनात ती विहीर होती. धाकटी म्हणाली, "मरोळला ना? पाईपलाईनमधून."

सगळे हसले. अब्बा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे तिचं. तिचं गाव हेच."

हा विषय आमच्याकडे त्याच आठवड्यात निघायला कारण होते. आमची तीन मजली इमारत आता पाडून नवी बांधायची आहे. अब्बा जहाजावर नोकरीला होते. त्या कमाईतून 1987 साली त्यांनी तळमजल्यावरच्या या दोन खोल्या घेतल्या. आता बिल्डरला संमती द्यायची, दोन-तीन वर्षे भाड्याने राहायचे आणि मग वरच्या मजल्यावर नवे घर घ्यायचे, हा एक मार्ग. हिस्सा विकून मीरा रोडला नातेवाईकांच्या शेजारी मोकळ्या घरात जायचे, हा दुसरा. अम्मीचा कल मीरा रोडकडे. अब्बा काहीच बोलत नव्हते. शेवटी म्हणाले, "अडतीस वर्षं राहिलो, पण हे गाव कधी पायी फिरलो नाही. एकदा फिरून येऊ, मग ठरवू."

म्हणून एका रविवारी सकाळी फजरनंतर चहा घेऊन आम्ही सगळे निघालो. प्रवास रिक्षाच्या किमान भाड्याचा. पण वाचकहो, जवळचे ठिकाण बघायला लांबच्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

आधी मरोळची जागा समजून घेऊ. अंधेरी स्टेशनवर पूर्वेला उतरून कुर्ल्याकडे जाणारा रस्ता धरला की चकाला मागे टाकल्यावर मरोळ नाका लागतो. उत्तरेला आरेची टेकाडे आणि त्यामागे विहार तलाव, ईशान्येला पवई, पश्चिमेला कोंडिविटे, दक्षिणेला सहार आणि विमानतळ. म्हणजे वर डोंगर, खाली सपाटी, आणि दोहोंच्या मधून उताराने वाहणारी मिठी नदी. आज ही सगळी नावे बसच्या पाट्यांवरची झाली आहेत, पण एकेकाळी ही साष्टी बेटावरची वेगवेगळी भातगावे होती. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. आमच्या रस्त्यांची नावे घ्या: चर्च रोड, मिलिटरी रोड, मरोळ पाईपलाईन. गावाचा अर्धा इतिहास या तीन नावांतच आहे, फक्त आपण तो रिक्षावाल्याला सांगण्यापुरताच वापरतो.

पहिल्यांदा आम्ही महाकाली गुंफांकडे वळलो. कोंडिविटे गावाची म्हणून याच कोंडिविट्याची लेणीही. महाकाली हे नाव जवळच्या देवळावरून पडले. लेणी मात्र बौद्ध भिक्खूंची आहेत. एकूण 19 गुंफा, एका बाजूला 4 आणि दुसऱ्या बाजूला 15. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरायला सुरुवात झाली आणि सहाव्या शतकापर्यंत काम होत राहिले. दगड ज्वालामुखीचा, पण ठिसूळ जातीचा, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी खांब झिजून गेले आहेत. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्यांना पहिल्या नजरेत इथे काही विशेष वाटणार नाही.

पण नवव्या गुंफेत जरूर जा. लांबट दालनाच्या टोकाला दगडातच कोरलेली एक गोल झोपडी आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी जाळीच्या खिडक्या, आत स्तूप. ज्याने हे कोरले त्याने आयुष्यभर कुडाच्या, गवताने शाकारलेल्या खोपी पाहिल्या असणार. डोंगर फोडूनही त्याने खोपच घडवली. बिहारमधल्या बराबर टेकडीतल्या गुंफेशी तिचे साम्य अभ्यासक दाखवतात. इथे ब्राह्मी लिपीत एक लेखही आहे. एका ब्राह्मणाने आपल्या भावासह भिक्खूंना विहार दान दिल्याचे त्यात म्हटले आहे. थोरल्याने ते ऐकून विचारले, "त्यांचा धर्म वेगळा, तरी?" अब्बा म्हणाले, "शेजारी होते ना."

अब्बांचे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. ते कातळात खोदलेली पाण्याची टाकी शोधत फिरत होते. डोंगराच्या अंगावरून येणारे पावसाचे पाणी या टाक्यांत साठायचे आणि भिक्खूंना ते पुरायचे. एका टाक्याशी उकिडवे बसून त्यांनी धाकटीला दाखवले: पाणी कुठून आत येत असेल, कुठून बाहेर पडत असेल. "बघ, दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने आधी पाण्याची सोय केली आणि मग अल्लाची आठवण, नव्हे, त्यांच्या पद्धतीने त्यांची साधना." त्यांची ही मधेच स्वतःला दुरुस्त करण्याची सवय आम्हाला फार आवडते.

वर चढल्यावर पूर्वेला सीप्झच्या इमारती दिसतात. तिथे 1973 साली सरकारने निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे क्षेत्र काढले. पुढे दागिन्यांचे कारखानेही आले. आमच्या गल्लीतल्या कितीतरी मुली तिथे हिरे बसवायच्या कामाला जातात. त्या कुंपणाच्या आत एक पडके चर्च आहे. जेझुइट पाद्र्यांनी 1579 साली बांधलेले. आज छप्पर नाही, दगडी भिंती उभ्या आहेत आणि भोवती निर्यातीच्या कंपन्या. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. वर्षातून एकदा तिथे मिस्सा होते तेव्हा आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आँटी न चुकता जातात. त्या या गावच्या मूळच्या, ईस्ट इंडियन. पुढची हकीकत त्यांच्याकडूनच ऐकायची.

साष्टी आणि वसईचा मुलूख गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून 1534 साली पोर्तुगिजांकडे गेला. त्यांच्या अमलात इथले बरेच शेतकरी ख्रिस्ती झाले, पण भाषा मराठीच राहिली आणि शेतीही भाताचीच राहिली. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि साष्टी मराठ्यांकडे आली. 1774 मध्ये इंग्रजांनी ती बळकावली. राज्ये बदलली, मरोळकर आपला चिखल तुडवत भात लावत राहिला. मग 1840 साली साथ आली. कोंडिविट्याच्या त्या चर्चभोवतालची माणसे जागा सोडून मरोळला उतरली. चर्चही इथे नव्याने बांधले, जुन्या चर्चमधल्या वस्तू आणून ठेवल्या. चर्च रोडवरचे सेंट जॉन चर्च ते हेच. त्या काळी साथीवर एकच औषध लोकांना माहीत होते: जागा बदला, विहीर बदला.

'ईस्ट इंडियन' हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते की ही माणसे बंगालकडची असावीत. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, इथल्या मूळ ख्रिस्ती समाजाने हे नाव घेतले. गोव्याहून कामाधंद्यासाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, हे दाखवायचे होते आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव नोकरीच्या दारात चालणारे होते. असो. नाव इंग्रजी, बोली मराठी. आँटी बोलू लागल्या की अम्मीला आपल्या खाडीकाठच्या बोलीची आठवण येते. गंमत म्हणजे सांदण त्यांच्याकडेही होते आणि आमच्याकडेही होते. नाव तेच, तांदूळ तोच. दोघी एकमेकींच्या सांदणांना नावे ठेवतात आणि संपवतात.

गुंफांवरून परतताना आँटी गेटवरच भेटल्या. त्यांना सांगितले, गाव बघायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "विहीर बघितली का?" कुठली विहीर, ते आम्हाला माहीत नव्हते. त्यांच्या लग्नांत आदल्या दिवशी 'उंबराचे पाणी' असते. बायका नटूनथटून, वाजंत्री लावून गावच्या विहिरीवर जातात, कळशी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरी-नवऱ्याची आंघोळ होते. पूर्वी विहिरीकाठी उंबर असायचे म्हणून ते नाव. आँटी म्हणाल्या, "माझ्या लग्नात विहिरीचं पाणी होतं. मुलीच्या लग्नात विहिरीवर गेलो, वाजवलं, नाचलो, आणि पाणी नळाचं भरून आणलं. विहिरीत कोण हात घालणार आता?"

बाजाराकडे वळल्याशिवाय अम्मी घरी येणार नव्हती. मरोळचा सुक्या मासळीचा बाजार सगळ्या मुंबईत नावाजलेला. सुकट, बोंबील, वाकट्या, सोडे यांचे ढीग, आणि भाव करताना कोळणींचा आवाज. खारवलेल्या वासाने धाकटीने नाक धरले. अब्बांनी मोठा श्वास घेतला. आम्ही दोघे मधल्या पिढीचे, आम्ही अर्धा श्वास घेतला. अम्मीने सोडे घेतले, भाव पटला नाही असे तीनदा सांगून.

दुपारी जेवण आणि जोहर आटोपून आम्ही नदीकडे निघालो. नदी म्हटल्यावर धाकटी म्हणाली, "कुठली नदी? तो नाला?" तिची चूक नाही. मरोळ-मरोशी रस्त्याच्या बाजूने चालत गेलो, दोन्हीकडे उंच भिंती, मधे काळे पाणी. नाव मात्र मिठी, म्हणजे गोड.

हे गाव मुंबईच्या पाण्याच्या वाटेवर बसले आहे, हे आम्हाला इतकी वर्षे कळलेच नव्हते. एकोणिसाव्या शतकात मुंबई शहर वाढले आणि तिथल्या विहिरी-तळी पुरेनात. तेव्हा 1856 साली इथल्याच डोंगरात धरण घालायचे काम सुरू झाले आणि 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत पोहोचले. शहराचा हा पहिला नळपाणीपुरवठा. 1879 मध्ये वरती तुळशी तलाव झाला. 1890 च्या सुमाराला पवईचाही झाला, पण त्याचे पाणी पिण्यालायक ठरले नाही. म्हणजे जी नदी आमच्या भातखाचरांतून वाहायची, तिचे डोके बांधून पाणी शहराला गेले. मोठाले नळ आमच्या अंगणातून गेले. 'मरोळ पाईपलाईन' या नावाचे मूळ त्यातच. पुढे 1949 साली आरेची दूध वसाहत आली आणि मरोळ-मरोशीच्या डोंगराचा भाग तिच्यात गेला. तिथल्या पाड्यांवर वारली कुटुंबे आजही आहेत. शहराला पाणी इथून, दूध इथून. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत मात्र टँकर.

तलाव भरले की सांडव्याचे पाणी खाली सुटते. विहारचे जास्तीचे पाणी पवईच्या सांडव्याच्या पाण्याला मिळते आणि तिथून मिठी मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असे करत सुमारे 18 किलोमीटरवर माहीमच्या खाडीला जाऊन मिळते. मधल्या काळात तिच्या काठावर कारखाने आले, गोदामे आली, झोपड्या आल्या, इमारती आल्या. विमानतळापाशी तर तिला काटकोनात वळायला लावले आहे. आमची इमारतही तिच्या एका नाल्यापासून दोन-अडीचशे पावलांवर आहे. घर घेताना अब्बांनी भिंती वाजवून पाहिल्या होत्या, नळाला पाणी किती वेळ येते ते विचारले होते. नाला कुठे जातो ते विचारले नव्हते. जहाजावरचा माणूस, तरीही.

त्याचे उत्तर 26 जुलै 2005 ला मिळाले. मंगळवार होता. दुपारी आभाळ असे अंधारले की दिवे लावावे लागले, आणि मग दिवेच गेले. आमच्यापैकी एक जण चर्चगेटला ऑफिसात अडकलेला, एक जण घरी. थोरला तेव्हा चार वर्षांचा. पाणी रस्त्यावरून आत येईल म्हणून उंबऱ्याशी गोधड्या, पिशव्या लावल्या. पाणी आले ते मोरीतून. आधी बुडबुडे, मग काळा फवारा, आणि अर्ध्या तासात गुडघाभर. अब्बांनी कुराणशरीफ आणि कागदपत्रांची पेटी आधी वर पोहोचवली, मग नातवाला खांद्यावर घेतले. अम्मी तांदळाचा डबा सोडायला तयार नव्हती. आँटी जिन्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "राहू दे ते, वर या!" त्या रात्री त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही एकोणीस माणसे होतो. आल्तारापुढे मेणबत्ती जळत होती. तिच्याच उजेडात अब्बांनी मगरिब आणि इशा पढली. कुणाला त्यात काही विशेष वाटले नाही, वाटायला वेळही नव्हता. रस्त्यावर अडकलेल्या लोकांना मोहल्ल्यातल्या मशिदीत आत घेतले होते. मुलांनी कमरेएवढ्या पाण्यातून चहाची किटली आणि बिस्किटे फिरवली. ऑफिसातला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोहोचला, पायांत एकच चप्पल.

त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. भरीला समुद्राला भरती, त्यामुळे खाली पाणी घेणारे कुणी नाही. डोंगराने पाणी सोडले, तलाव ओसंडले आणि नदी आपल्या जुन्या जागी परत आली. त्या जागेत आता आमची गोदरेजची कपाटे होती. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, मिठीसाठी प्राधिकरण झाले, पात्र रुंद केले, भिंती बांधल्या.

पाणी ओसरल्यावर घर धुताना अब्बांनी एक काम केले. जहाजाच्या अंगावर पाणी किती चढले ते कळायला आकड्यांच्या खुणा असतात. तशी त्यांनी भिंतीवर एक रेघ मारली, शेजारी तारीख लिहिली. अम्मीच्या छातीएवढ्या उंचीवर. त्यानंतर चार वेळा रंग काढला, पण कपाटामागचा तेवढा वीतभर तुकडा दर वेळी सोडायला सांगितला. रंगारी हसायचे.

परतताना आम्ही मरोळ नाक्यावर थांबलो. वर 2014 सालची मेट्रो, खाली 2024 ची भुयारी मेट्रो. एकीतून उतरून दुसरीत शिरणारी माणसे बघत अब्बा बराच वेळ उभे राहिले. या माणसांत आमच्यासारखे कोकणी आहेत, उत्तर प्रदेशचे कारागीर आहेत, मंगळूरकडचे आहेत. दाऊदी बोहरा समाजाची अल-जामिया-तुस-सैफिया ही संस्था मूळची सुरतेची, 1814 सालची. तिचे मरोळचे संकुल फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाले, तेव्हापासून पांढऱ्या-सोनेरी टोप्यांतले विद्यार्थीही दिसतात. कुणीच इथला नाही आणि सगळे इथलेच. आँटींचे तेवढे कुटुंब खरे गावकरी, आणि त्यांची मुले आता कॅनडात.

घरी आल्यावर अम्मीने पाय शेकायला गरम पाणी घेतले आणि मीरा रोडचा विषय पुन्हा काढला. तिथे तळमजल्याची भानगड नाही, बहीण शेजारी, मदरसा जवळ. तिच्या म्हणण्यातही तथ्य आहे. आम्ही दोघांनी हिशेब मांडला, भाडे, शाळा, नोकरीची ये-जा. हिशेबाने दोन्ही पारडी जवळजवळ सारखीच.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती. बिल्डरचा माणूस मोठा रंगीत नकाशा घेऊन आला. प्रवेशद्वार, बाग, मुलांना खेळायला जागा, तळाला गाड्या लावायची सोय, सगळे छान दाखवले. लोकांनी चटईक्षेत्र विचारले, भाडे विचारले, कॉर्पस विचारला. शेवटी अब्बा उठले आणि चष्मा लावून नकाशावर वाकले.

"जोत्याची उंची किती ठेवणार?"

त्याने आकडा सांगितला. अब्बांनी मनातल्या मनात कपाटामागच्या रेघेशी ताडून पाहिला असावा.

"आणि नाला कुठाय यात?"

त्या माणसाने नकाशा आपल्याकडे फिरवला, परत फिरवला. नकाशात बाग होती, कारंजे होते, नाला नव्हता. आँटींनी पर्समधून पेन काढून दिले. अब्बांनी डोंगर कुठल्या बाजूला ते विचारून घेतले आणि नकाशाच्या वरच्या कोपऱ्यातून, बागेतून, गाड्यांच्या जागेतून एक वाकडी रेघ खाली आणली.

"हा. आता याच्यासह परत काढून आणा. मग सही करतो."

पेन हिरव्या शाईचे होते. नवा नकाशा अजून आलेला नाही. मीरा रोडला आम्ही कळवले आहे, पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणून.